रोज काय केलं तर मन थाऱ्यावर येईल?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही तपासता येईल. वडिलांना जाऊन चौदा महिने झाले. नोकरी, घर, झोप वरवर सुरळीत आहे, पण आतून कोरडं पडल्यासारखं वाटतं, कशातच जीव रमत नाही. ध्यानाचं ॲप घेतलं, कृतज्ञतेची वही आणली, पहाटे पाचला उठून पाहिलं. प्रत्येक गोष्ट आठ-दहा दिवसांत सुटली आणि ‘माझ्यात चिकाटीच नाही’ हा नवा सल त्यात जमा झाला. मित्रांचे मेसेज उत्तराविना पडून आहेत, आता इतक्या दिवसांनी काय तोंडाने लिहायचं असं वाटतं. मन पूर्ववत व्हायला रोज नेमकं काय करावं, हे तुम्हाला हवंय.

आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं, तुम्ही लिहिलंय की बाबांचा रोज रात्री साडेआठला फोन यायचा. अजूनही त्या वेळेला हात फोनकडे जातो. आत्याचा अधूनमधून फोन येतो, पण ती रडेल म्हणून तुम्ही तो उचलत नाही.

मी बावीस वर्षं समुपदेशनाचं काम करते. माणसं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बऱ्याचदा खुर्चीतून उठल्यावर, दाराशी उभं राहून सांगतात. तुमची ही शेवटची ओळ मला तशी वाटली, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

तुम्ही करून पाहिलेल्या तिन्ही गोष्टी वाईट नाहीत. अनेकांना त्यांचा उपयोग होतो. पण तिन्ही एकट्याने, दार लावून करायच्या आहेत. तुमच्या दिवसातून गेलंय ते एक माणूस आणि त्याची रोजची हाक. त्या जागी डोळे मिटून श्वास मोजायला बसलं तर जागा रिकामीच राहते, उलट ती किती रिकामी आहे हे जास्तच जाणवतं. तेव्हा चिकाटी कमी पडली म्हणून स्वतःला बोल लावू नका. दुखणं एक आणि औषध भलत्याचंच, असं झालं होतं.

मन सावरायचं तर आधी एकट्याने स्वतःला नीट करायचं आणि मग माणसांत जायचं, असा क्रम बहुतेक जण धरून चालतात. माझा अनुभव याच्या उलट आहे. माणसांच्या सोबतीत मन जितकं लवकर निवळतं, तितकं एकट्याने क्वचितच निवळतं. जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केलेला एक छोटा प्रयोग मला नेहमी आठवतो. १६ विवाहित स्त्रियांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून, आता विजेचा हलका झटका बसू शकतो अशी सूचना दिली जायची. कधी त्यांच्या हातात कुणाचाच हात नसायचा, कधी अनोळखी माणसाचा असायचा, कधी नवऱ्याचा. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ सगळ्यात कमी झाली आणि नातं जितकं समाधानाचं, तितका हा फरक मोठा दिसला. झटक्याची भीती तीच, शरीर तेच, फक्त ओझं वाटून घ्यायला कुणीतरी होतं. तुमचे बाबा रोज रात्री साडेआठला नेमकं हेच करत होते, बोलणं दोनच मिनिटांचं आणि इकडचं तिकडचं असलं तरी.

‘पूर्ववत’ या शब्दाबद्दल खरं ते सांगते. बाबा असतानाचं मन परत येणार नाही. वेगळं, पुन्हा रमू शकणारं मन तयार होतं आणि ते होताना मी शेकडो वेळा पाहिलंय. दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) तुम्ही कुठेतरी वाचल्या असतील. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या, त्या मुळात स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसांनी त्या पायऱ्या क्रमाने चढायच्या असतात असं काही नाही, पण आजही लोक माझ्याकडे येऊन विचारतात, ‘माझी रागाची पायरी आलीच नाही, काही चुकतंय का?’ काही चुकत नसतं.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं चित्र मला जास्त खरं वाटतं. शोकात माणूस दोन काठांमध्ये येरझारा घालत असतो. एका काठावर गेलेल्या माणसाची आठवण, ओढ, रडणं. दुसऱ्या काठावर बिलं भरणं, नवी कामं शिकणं, कधीतरी हसणं. दोन्हीकडे जाता-येता यायला हवं. एकाच काठावर अडकून पडलं की गाडं अडतं. कुणी रात्रंदिवस आठवणीत बुडून जातं. तुम्ही, मला वाटतं, दुसऱ्या काठावर अडकलात. चौदा महिने कामाच्या, सुरळीतपणाच्या काठावर उभे आहात आणि पलीकडे नेणारी एकच होडी येते, आत्याचा फोन, तर ती तुम्ही परत पाठवता. कोरडेपणा बहुतेक तिथून येतोय. दुःख जाणवू नये म्हणून मनाचं दार लावलं की त्याच दारातून आनंदही आत येत नाही.

दाबून ठेवल्याने विचार जात नाहीत, हे डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये फार साध्या रीतीने दाखवलं. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नंतर जेव्हा विचार करायला मोकळीक दिली, तेव्हा सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही या लोकांना अस्वल जास्त आठवलं. साडेआठ वाजता फोन पालथा ठेवून टीव्हीचा आवाज वाढवणं हे तसंच आहे.

आता रोज काय करायचं ते सांगते. सगळ्यात आधी जे सांगणार आहे ते ऐकायला अगदीच किरकोळ वाटेल, पण मी त्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवते. जे वाटतंय त्याला नाव द्या.

आपण हल्ली दोन-तीन शब्दांवर सगळं भागवतो. टेन्शन आलंय, मूड नाही, बोअर होतंय. खरं तर आपल्या भाषेत या बाबतीत केवढी श्रीमंती आहे! एखादी गोष्ट करायची राहून गेली की लागते ती रुखरुख. निकालाची वाट पाहताना असते ती धाकधूक. दोन वाटांपैकी कुठली धरावी हे कळत नाही तेव्हा होते ती घालमेल. संध्याकाळी विनाकारण दाटून येते ती हुरहुर. चार माणसांत आपण नकोसे आहोत असं वाटून अंग चोरतो, तेव्हा आपण कानकोंडे झालेलो असतो. तगमग वेगळी, चुटपुट वेगळी, उद्वेग वेगळा. यातल्या प्रत्येकाला हवी असलेली गोष्टही वेगळी आहे. धाकधुकीला धीर लागतो, रुखरुखीला राहून गेलेलं काम कुठल्या तरी रूपात पुरं करावं लागतं, कानकोंडेपणाला एक ओळखीचा चेहरा पुरतो. सगळ्याला ‘टेन्शन’ म्हटलं की सगळ्यावर एकच उपाय शोधला जातो आणि तो लागू पडत नाही.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पन्नाशीतले एक गृहस्थ यायचे. भाऊ अचानक गेल्यानंतर त्यांची झोप उडाली होती. चार भेटी झाल्या, प्रत्येक वेळी एकच उत्तर, ‘टेन्शन आहे, बाकी ठीक.’ पाचव्या भेटीत मी एका कागदावर असे पंधरा-वीस शब्द लिहिले, कागद त्यांच्याकडे फिरवला आणि गप्प बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. बोट एकेका शब्दावरून हळूहळू खाली आलं आणि ‘रुखरुख’वर थांबलं. बराच वेळ तिथेच राहिलं. मग ते म्हणाले, ‘त्या रात्री त्याचा फोन आला होता. मी दमलो होतो. सकाळी करतो म्हणून उचलला नाही.’ हे त्यांनी आठ महिन्यांत कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. खांदे खाली आलेले मला दिसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुतणीला फोन केला आणि ती सकाळी बोलायची राहिलेली गोष्ट तिच्याशी बोलले. झोप एका दिवसात परत आली नाही, पण काय करायचं ते त्यांना कळलं होतं.

भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डला नावाच्या, धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची हालचाल कमी होते, असं मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये स्कॅनमध्ये दाखवलं. करायचं इतकंच. रात्री झोपण्याआधी दोन गोष्टी स्वतःला विचारा. आज काय वाटलं, आणि ते अंगात कुठे जाणवलं. छातीत, घशात, पोटात, जबड्यात. उत्तर एका शब्दात आलं तरी चालेल. ‘का वाटलं’ हे मात्र विचारू नका, निदान पहिले काही आठवडे. ‘का’ विचारलं की विचारांचं चऱ्हाट सुरू होतं आणि रात्रीचा एक वाजतो.

लिहिण्याबद्दल थोडंसं, कारण तुमची कृतज्ञतेची वही सुटली याची तुम्हाला खंत आहे. कृतज्ञता वाटत नसताना ती रोज लिहून काढणं म्हणजे उसनं अवसान आणणं. ती वही तूर्त कपाटात ठेवा. त्याऐवजी जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांची १९८६ मधली रीत पाहा. विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या सगळ्यात कठीण प्रसंगाबद्दल लिहायचं. काय घडलं आणि काय वाटलं, दोन्ही. लिहून झाल्या-झाल्या त्यांना जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात जाणं कमी झालं. नंतरच्या अनेक अभ्यासांत परिणाम लहानच निघाला, म्हणून हा रामबाण उपाय आहे असं मी म्हणणार नाही. पण चारच दिवसांचं काम आहे आणि लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही. लिहिताना धाप लागली, हात थरथरायला लागले, तर पेन खाली ठेवा. रेटून पुढे जायचं नाही.

रेटण्याबद्दल मी इतकं ठामपणे बोलते, कारण सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः ही चूक केली आहे. मन मोकळं केलं की बरं वाटतं, हे मी इतकं पक्कं धरलं होतं की एका तरुणीला पहिल्याच भेटीत तिच्या अपघाताबद्दल सगळं बोलायला लावलं. ती बोलली, रडली, जाताना आभार मानून गेली आणि परत आली नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी तिने फोनवर सांगितलं की त्यानंतर तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मोठ्या आघातानंतर लगेच, एकाच बैठकीत सगळं बोलून घेण्याच्या पद्धतीने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढूही शकतो, असं संशोधनाच्या आढाव्यांतही दिसून आलंय. मी तेव्हापासून माणसाच्या गतीने चालते. तुम्हीही स्वतःशी तसंच वागा.

शरीराबद्दल फार लांबवत नाही, तुम्हाला ते माहीत असणार. झोपायची वेळ हातात नसते, उठायची असते, तेवढी एक ठरलेली ठेवा. पहाटे पाच कशासाठी? सात चालतील, फक्त रोज सात. दिवसाउजेडी वीसेक मिनिटं चालून या. छातीत धडधडायला लागलं तर श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांब ठेवा. मिनिटाला साधारण सहा श्वास इतकं संथ झालं की हृदयाची गती निवळायला लागते. काही जणांना मात्र श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरायला होतं. ॲप हे सांगत नाही आणि माणूस समजतो की आपल्यालाच जमत नाही. अशांनी डोळे उघडे ठेवावेत, दोन्ही पावलं जमिनीवर टेकवावीत आणि खोलीतल्या पाच गोष्टींची नावं मोठ्याने घ्यावीत. तुमचं ध्यान सुटलं त्यामागे हेच तर नव्हतं ना, हे एकदा आठवून पाहा.

‘वाटलं की करीन’ या वाक्यावर मात्र थोडं थांबायला हवं. मन उदास असताना वाटणं आधी येत नाही. आधी करणं येतं, वाटणं मागून येतं, कधी कधी बरंच मागून. नील जेकबसन यांच्या गटाने १९९६ मध्ये नैराश्याच्या सुमारे १५० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विचार बदलण्याची पूर्ण उपचारपद्धती आणि तिच्यातला फक्त ‘ठरवून कृती करायचा’ भाग, दोन्ही सारखेच उपयोगी ठरले. मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते, काम इतकं लहान करा की वाईटातल्या वाईट दिवशीही ते होईल. मित्राला भेटायचं जमत नसेल तर मेसेज. मेसेज जमत नसेल तर त्याचा जुना मेसेज उघडून वाचायचा. रोज एक.

आणि एखादा दिवस चुकला तर चुकू द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयींचा १२ आठवडे मागोवा घेतला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, पण कुणाला १८ पुरले आणि कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे आठ-दहा दिवसांत सुटलं हे अपयश धरायचं कारणच नाही. त्या मुदतीत ते कुणाचंही पक्कं झालं नसतं.

आता माणसांबद्दल, म्हणजे मला जे सगळ्यात मनापासून सांगायचंय त्याबद्दल.

जवळीक मोठ्या प्रसंगांतून तयार होते असं आपल्याला वाटतं. मला ती बारीकसारीक गोष्टींत दिसते. दोन माणसं एका खोलीत आहेत. एक खिडकीशी उभं राहून म्हणतं, ‘बघ, केवढे ढग आलेत.’ दुसरं फोनमधून मान वर करून बघतं, ‘हो गं, पडणार वाटतं.’ तीन सेकंदांचं काम. ढगांशी कुणालाच देणंघेणं नसतं. ‘आहेस ना तिथे?’ असं विचारलं गेलं आणि ‘आहे’ असं उत्तर मिळालं. जोडप्यांचा अनेक वर्षं अभ्यास करणाऱ्या जॉन गॉटमन यांनी अशा छोट्या हाकांची मोजदाद केली. लग्नानंतर सहा वर्षांनी एकत्र असलेली जोडपी सुरुवातीच्या काळात अशा हाकांना ८६ टक्के वेळा ओ देत होती, वेगळी झालेली ३३ टक्के, असं त्यांनी नोंदवलं. मला त्यातली आकड्यांपेक्षा मोलाची वाटते ती हाकेची कल्पना. उद्या दिवसभर फक्त ऐका, तुम्हाला किती जण अशी हाक मारतात. घरातले, कामावरचे, जिन्यात भेटणारे. चौदा महिन्यांत तुमचे कान त्यांना बंद झाले असतील तर नवल नाही. रोज त्यातल्या एका हाकेला मान वर करून ओ द्या. याला ना वही लागते ना पहाटे उठावं लागतं.

जवळच्यांशी बोलणं आज जड वाटत असेल तर लांबच्यांपासून सुरू करा. शिकागोत निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी रोजचा प्रवास करणाऱ्यांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं. निष्कर्ष २०१४ मध्ये आले. लोकांना वाटत होतं की गप्प बसलेलं बरं. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास जास्त सुखाचा झाला. शोकात असलेल्या माणसाला अशा ओझरत्या बोलण्याचा एक खास दिलासा असतो. समोरच्याला तुमचं दुःख माहीत नसतं, त्यामुळे त्याच्याशी बोलताना तुम्ही दोन मिनिटं नुसते तुम्ही असता.

मित्रांच्या पडून राहिलेल्या मेसेजबद्दल. इतक्या दिवसांनी लिहिलं तर समोरचा काय म्हणेल, ही शंका जवळपास सगळ्यांना येते आणि ती बहुतेक वेळा खोटी ठरते. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५,९०० लोकांवर केलेले प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आपण आठवण काढली याचं समोरच्याला किती बरं वाटतं, याचा अंदाज लोक सातत्याने कमीच करतात. आणि ती आठवण जितकी अनपेक्षित, तितकं तिचं मोल समोरच्याला जास्त वाटतं. तेव्हा लांबलचक खुलासा लिहायला बसू नका, तो कधीच पुरा होत नाही. ‘बाबा गेल्यापासून कुणालाच उत्तर देता आलं नाही. तुझी आठवण येते.’ दोन वाक्यं. पाठवा आणि फोन बाजूला ठेवा.

नातं तुटलेलं असलं तरी सांधता येतं, यावर माझा विश्वास बसला तो तान्ह्या बाळांवरच्या कामामुळे. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात आयांना काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळ आधी हसून, हात हलवून आईला बोलावतं, मग कासावीस होतं, मग मान फिरवतं. ते बघवत नाही. पण त्यांच्या पुढच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. चांगल्या, प्रेमळ आई-बाळांचेही सूर सुमारे ३० टक्केच वेळ जुळलेले असतात. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवणं यात जातो. बाळाचा विश्वास त्या पुन्हा जुळवण्यातून वाढतो. तुम्ही वर्षभर गप्प राहिलात हीसुद्धा एक चुकामूकच.

बोलण्यात एक खबरदारी घ्या. तेच दुःख त्याच मित्रासोबत रोज तेवढंच उगाळत बसलं तर मैत्री घट्ट होते, पण मन आणखी खचतं. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींमध्ये हे दाखवलं आणि मोठ्यांमध्ये मी ते रोज पाहते. खूण सोपी आहे. बोलून उठल्यावर थोडं मोकळं वाटतंय की आणखी जड? दोन-तीनदा जडच वाटलं तर त्याच माणसासोबत पुढच्या वेळी बोलण्याऐवजी चालायला जा.

आता जे सांगते ते कृपा करून गांभीर्याने घ्या. वरचं सगळं रोजच्या निगराणीसाठी आहे, उपचाराच्या जागी नाही. प्रौढांमध्ये १२ महिने उलटल्यावरही जवळजवळ रोज तीव्र ओढ, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, बधिरपणा, आयुष्य निरर्थक वाटणं, आपला एक भागच गेल्यासारखं वाटणं, असं चालू असेल तर २०२२ पासून डीएसएम या निदानपुस्तिकेत त्याला ‘दीर्घकालीन शोक’ असं वेगळं निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत हीच मुदत किमान ६ महिने आहे. तुमच्या लिहिण्यात यातल्या दोन-तीन खुणा मला दिसतात. निदान मी इथे करणार नाही, करूही नये. पण चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांना एकदा तरी भेटाच, अशी माझी कळकळीची विनंती आहे. यावर खास उपचार आहेत. कॅथरीन शियर यांनी विकसित केलेला साधारण १६ भेटींचा उपचार शोकासाठीच बेतलेला आहे आणि त्यात गेलेल्या माणसाशी मनातल्या मनात बोलणंही असतं. आणि ‘मी नसलो तर बरं’ असा विचार कधीही आला, नुसता चाटून गेला, तरी त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी स्पष्ट शब्दांत सांगा आणि डॉक्टरांना किंवा मदतवाहिनीला फोन करा. त्या दिवशी एकट्याने राहायचं नाही.

राहिला साडेआठचा प्रश्न.

त्या वेळेला तुमचा हात फोनकडे जातो, ही खोड मोडायची गरज नाही. हात जातोय तो योग्यच ठिकाणी जातोय. त्या वेळेला तुम्ही आत्याला फोन करा. तिचा येण्याची वाट पाहू नका. तुमचे बाबा म्हणजे तिचा भाऊ. तुमच्या जन्माच्या आधीचे बाबा माहीत असलेलं ते माणूस आहे, आणि तिच्या फोनलाही गेले चौदा महिने कुणी ओ दिलेली नाही.

ती रडेल, ही तुमची भीती खरी आहे. बहुधा रडेल. कदाचित तुम्हीही रडाल, आणि मला वाटतं खरी धास्ती तीच आहे. रडणं न थोपवता सोडलं तर ते आपल्या आपण ओसरतं. माझ्यासमोर बसून रडलेल्यांपैकी बहुतेकांना पाच-सात मिनिटांनी पाणी हवं असतं आणि मग ते बोलायला लागतात. ती रडत असताना ‘रडू नकोस’ म्हणू नका, काही शहाणपणाचंही सांगू नका. ‘आहे गं मी, ऐकतोय’ एवढं पुरे. मध्ये शांतता पडली तर पडू द्या. बोलायला काहीच सुचलं नाही तर तिला विचारा, ‘बाबा लहानपणी कसे होते गं?’

पहिला फोन दहा मिनिटांचाच ठेवा, जमत असलं तरी. आणि ठेवायच्या आधी पुढचा वार ठरवून घ्या. ‘गुरुवारी याच वेळेला करतो.’ गुरुवारी साडेआठला करा.